तोमिएचं मागणं

"उद्या मंडळाच्या सभेत त्याच्यापुढे कपाळ टेकव तू... सगळ्यांच्या देखत! आईचं वाकणं तो मोडायचा नाही."

कुरोसे साहेबांचा आवाज घशाच्या आजाराने पार खरवडून निघाला होता. ज्या आवाजाच्या भरवशावर अकितातल्या या बर्फाळ मतदारसंघाने त्यांना तीस वर्षांहून अधिक काळ तोक्योच्या संसदेत पाठवलं, तो आवाज आता अंथरुणापासून दारापर्यंतही पोचत नव्हता. त्यांच्या पत्नीने, तोमिएने, पेजेचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला होता. तो तिने परत वाडग्यात ठेवला.

"अहो... पोटच्या पोरापुढे?"

"जन्मभर मतांसाठी वाकलीस ना? मग मुलापुढे कसली लाज!"

लाज!... तोमिएच्या अंतःकरणात तो शब्द काट्यासारखा रुतला. साहेब तोक्योत आणि मतदारसंघ तिच्या ओटीत, असाच त्यांचा संसार झाला. कुणाच्या घरी मयत झाली की उदबत्ती घेऊन तोमिए हजर, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की तोमिए हजर, आणि निवडणुकीच्या शेवटच्या सभेत साहेबांचं भाषण आटोपलं की ती मंचावर गुडघे टेकायची, दोन्ही तळवे पुढे ठेवायची आणि कपाळ फळ्यांना लागेपर्यंत वाकून विनवायची, "कुरोसेंना वाचवा हो! एवढ्या वेळी वाचवा!" बायाबापड्या डोळे पुसायच्या. विरोधक चिडून म्हणायचे, "कुरोसेला पाडता येईल हो, पण त्याच्या बायकोच्या कपाळाला कसं पाडायचं?"

आणि घरी कोहेइ... तिचा एकुलता एक! तापाने फणफणलेला असला तरी त्याच्या उशाशी शेजारीण बसायची. आई कुणा पुढाऱ्याच्या अंत्यविधीला गेलेली असायची. एकदा शाळेत पोरं त्याला म्हणाली, "तुझी आई जमीन चाटते!" मारामारी करून, ओठ फुटलेला तो घरी आला आणि दारातच त्याने विचारलं, "आई, तू माझ्यासाठी कधी कुणापुढे वाकलीस का गं?"

काळा किमोनो नेसून ती कुठल्याशा दहनाला निघाली होती. "वेडा कुठला!" म्हणून हसली आणि गेली. परमेश्वरा, कशी गेली असेल ती!

शाळा संपताच कोहेइने घर सोडलं. घाटापलीकडच्या गावात देवदाराच्या पातळ फळ्या कढत पाण्यात वाकवून तो जेवणाचे डबे करी. तिथेच त्याने मिहारुशी लग्न केलं. साहेब आजारी पडले तसं त्यांच्या समर्थकांचं मंडळ 'वडिलांच्या जागी उभा राहा' म्हणत त्याच्या दारात जाऊ लागलं. म्हणून गेल्या वसंतात तोमिए एकटीच बस धरून त्याच्याकडे गेली.

"मला ती खुर्ची नको, आई," हातातलं काम न थांबवता तो म्हणाला. "माझे आईबाप तिनेच खाल्लेत."

"तुला मी यात ओढू देणार नाही. माझा शब्द आहे."

"तुझा शब्द? त्यावरही मंडळाचा शिक्का लागत असेल ना?"

त्याच दिवशी तिने चहा सोडला. सासूबाईंनी घालून दिलेलं व्रत होतं ते. दर निवडणुकीला नवऱ्याच्या विजयासाठी ती चहा सोडायची, विजय झाला की देवघरात दिवा लावून पहिला घोट घ्यायची. यंदाही लोकांना तसंच वाटलं. यंदाचं मागणं मात्र मुलाच्या सुटकेचं होतं, आणि ते फक्त करुणामयी कान्नोनदेवीला ठाऊक होतं.

सभेच्या दुपारी बर्फ भुरभुरत होता. सभागृह गच्च भरलं होतं. साहेबांना चाकांच्या खुर्चीतून आणलं. कोहेइ येणारच नव्हता. पण वडिलांना हे शेवटचं, तोंडावर नाही म्हणायचं म्हणून आला. मिहारु त्याच्या मागे बसली होती, पोटुशी.

मंडळाचे अध्यक्ष ओयामाडा, गावातले साके दारूचे मोठे कारखानदार, उभे राहिले. "कोहेइ, नाव तुझं, रक्त तुझं. दुसऱ्याला आम्ही कसं आपलं म्हणायचं?"

"मला लाकूड कळतं, काका. माणसं नाही कळत."

"अरे, कढत पाण्यात माणसंही वाकतात!"

हशा पिकला. कोहेइ हसला नाही. "मी उभा राहणार नाही," तो एवढंच म्हणाला, आणि सभा एकदम गार पडली. ओयामाडांनी तोमिएकडे पाहिलं. "वहिनी, आता तुम्हीच काय ते." साहेबांनीही डोळ्यांनीच खूण केली.

तोमिए उठली. कोहेइचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, नको... हे नको गं!"

पण ती त्याच्यापाशी थांबलीच नाही. त्याच्यासमोरून तशीच पुढे गेली, ओयामाडांच्या समोर, सगळ्या मंडळासमोर तिने आपले दुखरे गुडघे टेकले, तळवे पुढे ठेवले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"माझ्या लेकराला सोडा! ह्यांचं आयुष्य घेतलंत, माझं घेतलंत... मी कधी काही मागितलं नाही. एवढं एक मला परत द्या हो!"

ओयामाडा गडबडून पुढे झाले.

"वहिनी, उठा बरं... लोक काय म्हणतील?"

"शब्द द्या. मग उठते."

शब्द कुणीच दिला नाही. मागच्या रांगेत एक म्हातारी हुंदके देऊ लागली, तिचं पाहून दुसरी. तोमिएचं कपाळ वर आलं नाही. तिला मागायची एवढी एकच रीत येत होती, आणि ती तिला फार चांगली येत होती! त्या वाकण्याला या मतदारसंघात कुणी कधी नाही म्हणू शकलं नव्हतं... आणि कोहेइही याच मातीतला होता.

तो तिच्याशेजारी येऊन बसला. धुळीला लागलेले तिचे पांढरे केस त्याने बोटांनी मागे सारले.

"आई, ऊठ."

"नाही."

"ऊठ गं... वाकलीस ना माझ्यासाठी? मला पावलं सगळं." आणि मग त्याने मान वर केली. "ओयामाडाकाका, मी उभा राहतो. पण हिला आधी उठवा. मला हे बघवत नाही."

"नको रे! कोहेइ, नको! मी त्यासाठी नाही रे—"

तिची किंकाळी जयघोषात बुडून गेली. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, रडत होती.

घरी आल्यावर साहेबांनी तिचा हात हातात घेतला. लग्न झाल्यापासून असा कधी घेतला नव्हता.

"काय वेळ साधलीस, तोमिए! मी म्हणालो पोरापुढे वाक, तू वाकलीस मंडळापुढे... मला जन्मात सुचलं नसतं! माझी सगळी कारकीर्द तुझीच आहे गं. आज कळलं मला." आणि त्यांचे डोळे भरून आले.

याच शब्दांसाठी ती उभा जन्म तिष्ठली होती! आणि ते आले ते असे, तिने न केलेल्या कपटाचं बक्षीस होऊन. सांगावं का खरं? ओरडून सांगावं? पण बर्फ वितळेतोवर हे राहतील की नाही, याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. तिने त्यांचे डोळे पुसले.

"तुमच्याकडूनच शिकले हो," ती म्हणाली.

प्रचार सुरू झाला त्या सकाळी दारात भोंग्याची गाडी येऊन थांबली. कोहेइने वडिलांचा कोट घातला होता. तो त्याला खांद्यात सैल होत होता. आईकडे न पाहता त्याने उमेदवाराचे पांढरे हातमोजे चढवले आणि तो बाहेर पडला. मिहारु स्वयंपाकघरात तोमिएच्या मागे येऊन उभी राहिली.

"आई... एक विचारू? कपाळ खरंच टेकवायचं असतं, की नुसतं टेकवल्यासारखं करायचं?"

तोमिएने तिच्या वाढलेल्या पोटाकडे पाहिलं. बाहेर भोंगा कोहेइ कुरोसेचं नाव पुकारत निघाला. तिने सरकतं दार ओढून घेतलं, सुनेच्या गुडघ्यांखाली बसायची उशी सरकवली आणि स्वतः तिच्या शेजारी टेकली.

"टेकवावंच लागतं, बाळ," ती हळूच म्हणाली. "नाहीतर लोकांना कळतं."