रिकामं वजन

प्रेमाचं मोजमाप आजवर कोणालाही करता आलेलं नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. बुटीबोरीत ट्रक मोजायच्या एका वजनकाट्यावर मात्र ते एका मंगळवारी दुपारी साठ किलो भरलं. त्यात मातीही होती.

चारुशीला काट्याच्या लोखंडी पत्र्यावर गुडघे टेकून बसली होती. पत्र्याच्या खवलेदार नक्षीवर ओल्या मातीची पोळी दाबत होती – इतक्या मायेनं, की पत्र्याला ताप आलाय असं वाटावं. केबिनच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. डोकं प्रशिकचं होतं. काटा तोच चालवायचा.

"मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही?"

"ठसा घेऊन राहिली. फुलदाणीसाठी."

"फुलदाणी... काट्याची?"

"कारखान्याची. अंगावर यंत्रांचे ठसे, छापलेली चित्रं..." ती थांबली. समोरच्या पाटीवर लाल आकडे पेटले होते. साठ. "हे काय आहे?"

"तुम्ही."

"खोटं! त्यात माती धरली आहे."

"आमचा काटा दहा-दहा किलोनं बोलते. चार-पाच इकडेतिकडे होते. नाव सांगा."

"चारुशीला. काहून?"

त्यानं गंभीरपणे पावती छापली. वाहन – चारुशीला. माल – माती. भरलेलं वजन – साठ. रिकामं वजन – कोरं.

"हे कोरं काहून ठेवलं?"

"माल उतरवून परत यावं लागते. त्याशिवाय पावती पुरी होत नाही. नियम आहे."

ती हसली नाही. नियम ऐकून हसायचं नसतं. पण पावती तिनं मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली.

ती परत आली. आठदा आली. दरवेळी हातात माती, त्यामुळे रिकामं वजन काही निघेना. प्रशिक तिच्यासाठी झिजलेला टायर, गंजकी साखळी, रबरी पट्ट्याचा तुकडा जमवून ठेवायचा. ती त्यावर माती दाबायची, तो तिच्याकडे बघायचा, आणि ट्रकवाले दोघांकडे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, याची नोंद काट्यावर नाही.

एका रविवारी तो तिच्या त्रिमूर्ती नगरातल्या स्टुडिओत गेला. स्टुडिओ म्हणजे वडिलांची स्कूटर जिथं उभी राहायची ती जागा. फुलदाणी तयार होत आली होती – कमरेला टायर, खांद्यावर साखळी, गळ्याशी काट्याचा पत्रा. पोटावर तेवढी जागा मोकळी.

"इथं तुझं काहीतरी पाहिजे," ती म्हणाली. "पातळ कागदावर या काळ्या रंगानं काढ. कागद ओल्या मातीवर दाबायचा, मग हळूच सोलायचा. पण एक लक्षात ठेव. कागदावर असते त्याच्या उलटं मातीवर येते."

"पक्कं उलटं?"

"एकदम."

मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "बडोद्याहून बोलावणं आलं आहे. बाथरूमच्या टाइल्सवर फुलं काढायची. दोन वर्षं. शुक्रवारपर्यंत कळवायचं... म्हणजे... कोणी थांब म्हटलं नाही, तं जाईन."

प्रशिकनं तिला पाठ फिरवायला लावली. काहीतरी लिहिलं, कागद स्वतःच दाबला, सोलला आणि खिशात कोंबला. मातीवर उलट्या अक्षरांची रांग उमटली – मुंग्या घरचा पत्ता विसरल्यासारखी.

"काय लिहिलं गा?"

"भट्टीतून निघाली की आरशात पाहा."

शुक्रवारी सकाळी भट्टी उघडली. फुलदाणीला तडा नव्हता. चारुशीलानं ती आरशासमोर धरली आणि वाचलं –

'खुशाल जा बडोद्याले. मले काही फरक पडत नाही.'

तिनं आरसा पुसला. आरशाचा दोष नव्हता. मग हा माणूस दोन महिने टायर कोणासाठी जमवत होता? की त्याला नुसते टायरच आवडायचे?

फोनवर तिनं बडोद्यासाठी 'येते' असं लिहिलं. पाठवायला मात्र बोट होईना. आधी त्याला चार शब्द ऐकवू, या विचारानं तिनं बुटीबोरीची बस धरली, आणि फुलदाणी कडेवर घेऊन थेट काट्यावर उभी राहिली.

"बाहेर ये!"

प्रशिक केबिनच्या पायरीवर आला, चेहऱ्यावर दिवाळी. "वाचलं?"

"वाचलं. चालली मी बडोद्याले."

दिवाळी विझली. "काहून वं? मी तं थांब म्हटलं!"

"हे थांब आहे?"

"तूच तं म्हटली, कागदावर असते त्याच्या उलटं होते! म्हणून मी मनातल्याच्या उलटं लिहिलं... ते पलटून सरळ होईन म्हणून."

चारुशीलानं फुलदाणीवरच्या रांगेवर बोट ठेवलं. "अक्षरं उलटी होतात, प्रशिक. अर्थ नाही."

"अक्षरंच उलटी झाली, तं अर्थ सरळ कसा राहीन?"

तिनं फुलदाणी दुसऱ्या कडेवर घेतली.

"मग सरळ काय आहे?"

तो पायरी उतरून पत्र्यावर आला. "सरळ हे... की फरक पडते. लय पडते. तो रिकाम्या वजनाचा नियम ट्रकचा आहे वं. तुले मीच लावला. तू... परत यावी म्हणून."

तिनं फोन काढला. 'येते' खोडून 'येत नाही' केलं. पाठवलं. त्याला दाखवलं.

"हे उलटं नको समजू."

पाटीवर लाल आकडे पेटले. एकशे तीस.

"हे काय आहे?" तिनं हळूच विचारलं.

"आपण."

मागून हॉर्न वाजला. कापसाच्या गाठींच्या ट्रकमधून भैय्याजी ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"पोट्टेहो, जरासे खाली उतरता काय? माहा ट्रक चढवाचा आहे."