सव्वीस अंशांचं गाव

म्हैस वाचली. टँकर आला, मोठ्यांनी तिन्ही पोरांच्या पाठी थोपटल्या आणि सगळं संपलं.

आता हे तुम्ही वाचलेलंच नाही. म्हैस गोठ्यात आडवी पडलेली आहे आणि टँकरचा पत्ता नाही.

पावशेर आणि तिचा दादा सुट्टीत मामाकडे आले ते स्वेटर घेऊन. (वजनाला अगदीच कमी, म्हणून ती पावशेर.) दोष आईचा नव्हता. रेडिओवर रोज सांगत होते, मामाच्या गावी सव्वीस अंश! बसमधून उतरल्या उतरल्या पावशेरची चप्पल डांबराला चिकटली आणि तिथेच राहिली.

"प्रवास कसा झाला?" मामाने विचारलं.

"गरम!" दादा म्हणाला.

"छे! सव्वीस आहे," मामा म्हणाला. पण हसला नाही.

विहिरीत नुसता चिखल होता. पारा बेचाळीसच्या वर गेला की जनावरांसाठी टँकर, असा नियम होता. मामाने गेल्या सोमवारीच कचेरीत फोनही केला होता. तिथले साहेब म्हणाले होते, "सव्वीसमध्ये टँकर? अहो, आम्हीच तिकडे राहायला येतो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीचं रेडकू उठलं नाही. मामीने त्याच्या तोंडाला ओला हात लावला आणि मग तोच हात आपल्या डोळ्यांना लावला. मामा कुदळ घेऊन शेताकडे गेला. म्हैस बराच वेळ रेडकाच्या जागेकडे बघत उभी होती. मग बसली, ती उठेचना.

"आज पाणी मिळालं नाही तर हीसुद्धा जाईल," मामी हळूच म्हणाली.

"सव्वीस हे सांगतं कोण?" तिने विचारलं.

"हवामानकाका," मामेभाऊ म्हणाला. त्याला सगळे घोरपड म्हणत, कारण तो धरलेली गोष्ट सोडत नसे. "यंदाच नेमलेत. शाळेमागच्या पांढऱ्या पेटीत बघतात आणि फोन करतात."

"चला, बघू या! कुलूप असेल?"

"नुसती कडी आहे. हवामान चोरणार कोण?"

झडपांच्या त्या पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी लटकत होते. दोघांच्याही बुडाला ओला फडका गुंडाळलेला! मागे अर्धं कलिंगड.

"एक कोरडा हवा!" पावशेर ओरडली. "विज्ञानाच्या पुस्तकात चित्र आहे. खरं तापमान कोरडाच सांगतो. ओल्या फडक्याने पारा उतरतो, तापात कपाळावर पट्टी ठेवल्यावर आपला ताप उतरतो तसा!"

"आणि कलिंगड?" दादाने विचारलं.

"ते अभ्यासक्रमात नाही."

"काका येतायत!" घोरपड पुटपुटला आणि थेट त्यांना सामोरा गेला. "काका, तुमच्या लहानपणी उन्हाळा कसा असायचा हो?"

हा प्रश्न ऐकल्यावर उभा राहील असा मोठा माणूस अजून जन्माला आलेला नाही. काका झाडाखाली बसले.

"तेव्हाचं ऊन म्हणजे कसं, शिस्तीचं! दुपारी यायचं, संध्याकाळी जायचं. आणि प्रवास? बैलगाडीने! रस्ता बैलांना माहीत, आम्ही झोपलेले!"

"आणि बैल झोपले तर?"

"तर मुक्काम!"

तिकडे पावशेरने एका तापमापकाचा फडका सोडला, काच कोरडी केली आणि दार लावून घेतलं. घोरपडीने काकांना दोन विहिरी, एक जत्रा आणि हरवलेल्या बैलापर्यंत खेचत नेलं. शेवटी काका फोन कानाला लावून पेटीपाशी आले.

"हं, लिहा. सव्वी... अरे! चव्वेचाळीस!" ते गर्रकन वळले. "फडका कोणी सोडला? एकाला गारवा आणि दुसऱ्यावर अन्याय! मला बघवेना, म्हणून मीच बांधला होता!"

दुसरी कुठली वेळ असती तर पावशेर पोट धरून हसली असती.

"काका," ती म्हणाली, "आमचं रेडकू गेलं."

काकांनी फोन कानावरून खाली घेतला. फोनमधून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं.

"चव्वेचाळीस लिहा," काका म्हणाले. "आणि मी आधी सांगितलेलं सगळं खोडा. चूक माझी. टँकर पाठवा, आत्ताच्या आत्ता!"

ऊन उतरता उतरता टँकर आला. मामाने भरलेली बादली म्हशीच्या तोंडाशी धरली. ती प्यायली, पुन्हा प्यायली, धडपडत उठली. "शाब्बास रे पोरांनो!" मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. काकांनी सगळं कलिंगड पोरांना देऊन टाकलं आणि स्वतः एकही फोड घेतली नाही.

टँकरबरोबर साहेबही आले होते. "हुशार आहात!" ते म्हणाले. "बोला, काय हवं तुम्हाला? संकोच करू नका."

म्हैस पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभी होती.

पावशेर साहेबांसमोर ताठ उभी राहिली.

"महोदय," ती म्हणाली, "दुरुस्त तापमानाचा विचार करता, हा टँकर गेल्या सोमवारपासून पाठवण्यात यावा, ही नम्र विनंती."