सूर्याची खोली

शामले, वात जरा वर कर आणि अशी जवळ बस. मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही ही.

त्या दिवशी सकाळीच मी सराफ्याच्या कोपऱ्यावरून पेढे आणले. पाहुणे यायचे होते, दक्षिणेतल्या वेधशाळेतले भालचंद्रपंत. तू तेव्हा लहान होतीस. तुझे काका दरबारची नोकरी सुटल्यावर रोज सूर्यावरचे डाग टिपून त्या वेधशाळेला पाठवायचे. हौसच ती! माडीवरची खोली गच्च बंद, खिडकीच्या भोकात दुर्बीण, आणि तिच्यातून कागदावर पडलेला ताटलीएवढा सूर्य. पुढे ह्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून डाग मी काढायची आणि नाव ह्यांचं जायचं. म्हणायचे, "बाईमाणसाचं चित्र कोण खरं मानणार?" अस्सा राग यायचा! पण हात चालायचा.

हे गेले तरी मी चित्रं थांबवली नाहीत. नावही तेच ठेवलं. आता तुझे काका, महिपतराव, केव्हाच वारले हे पंतांना कळलं असतं, तर सगळीच चित्रं खोटी ठरली असती. आधीचीसुद्धा.

म्हणून मी काय केलं, सांगू? कुंकू लावलं. विधवा बाई मी, आरशासमोर उभी राहून कुंकू लावलं गं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यजमान आजारी आहेत," मी पंतांना सांगितलं.

"राहू दे त्यांना. मी नुसती खोली बघतो."

बाहेर उन्हाळ्याची लू, तो भाजून काढणारा वारा, सुटली होती, तरी जिन्यात गारवा होता. आणि ह्यांच्या तपकिरीचा वास... पंतांनी आत जाऊन दार लोटलं. थोड्या वेळानं बोलणं ऐकू आलं. हळू... दोघांचं.

खोलीत तर पंतांखेरीज कुणीच नव्हतं.

पंत बाहेर आले ते संकोचूनच. "बाईसाहेब, आजारी कसले? आत बसलेत की! म्हणाले, 'पंत, ही चित्रं सगळी हिची. जिवंतपणी सांगायची लाज वाटली मला.'" पंत जरासे हसले. "असं का म्हणाले हो... जिवंतपणी?"

मी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"मग अहवालात तुमचं नाव घालू ना?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण शामले, जन्मात पहिल्यांदा कुणी माझं नाव विचारत होतं. मी पदर पुढे ओढला आणि म्हटलं, "घाला. सुलोचनाबाई." कपाळावर खोटं कुंकू आणि साक्षीला मेलेला नवरा! अजून मान वर होत नाही माझी.

पंत गेल्यावर मी खोलीला बाहेरून कुलूप घातलं. दोन पायऱ्या उतरले असेन... आत कुणीतरी चाकूनं पेन्सिलीला टोक काढत होतं. अगदी सावकाश.