न मोडलेला चुना

या, असे जवळ सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा. कीर्तनात आधी निरूपण असतं, मग आख्यान. माझ्याकडे आज नुसतं आख्यानच आहे. त्याचं निरूपण कुणाला सापडलं, तर मला येऊन सांगा; मी तीन वर्षं शोधतो आहे.

मंचेरियलजवळ, मालगाड्या भरतात त्या रेल्वेच्या एका कोळसा सायडिंगवर मी आणि महिपत पहारेकरी होतो. गाडीचे डबे भरले, की वरच्या कोळशावर झारीनं चुन्याचं पाणी शिंपडायचं, हे आमचं काम. काळ्यावर पांढरी साय धरते. मग पुढं सिग्नलला कुणी चढून टोपलंभर कोळसा ओढला, तरी साय मोडते आणि चोरी उघडी पडते.

त्या उन्हाळ्यात शेवटच्या डब्याचं वजन पुढच्या काट्यावर कमी भरू लागलं. चुना मात्र जसाच्या तसा. भाताला वरणासाठी आळं करावं, तसा मधोमध खळगा, आणि खळग्यातही साय अखंड.

शेवटचा डबा महिपतकडे असायचा. सायडिंगचे अधिकारी राजकुमारसाहेब, त्यांनी त्याला बोलावलं. "आधी कोळसा काढता, मागून चुना मारता. आणखी एक डबा कमी आला, तर नोकरीही गेली अन् पेन्शनही."

महिपतच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. आमच्या भजनी मंडळातला माणूस, दुसऱ्याच्या बांधावरचं बोर विचारल्याशिवाय उचलणार नाही. चहा पिता पिता मला म्हणाला, "भाऊ, आज मी डब्यातच बसतो. तू माह्याभोवती चुना मार. जो येईन, तो चुना मोडूनच येईन."

"काऊन जीव टांगतो? भाजून निघशील."

"चोर म्हणून मरण्यापक्षा भाजलेला बरा. अन् आलाच कोणी, तर त्याले बी चुना लावतो!" आपल्याच बोलण्यावर तो खूप हसला.

बाराचं ऊन होतं. डोक्यावर ओला गमछा टाकून तो कोळशावर मांडी घालून बसला. मी आधी त्याच्या भोवती शिंपडलं, मग मागं सरत सरत शिडीपर्यंत आलो. एक पाऊल उमटू दिलं नाही. नीट काम केलं मी. ते आता खुपतं.

खाली उतरून डब्याच्या सावलीत टेकलो. वर महिपत टाळ्या वाजवत अभंग म्हणत होता. मी खालून ध्रुपद धरत होतो. पत्रा तापला होता, वाऱ्यानं कोळशाची धूळ दातांत येत होती. दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज बारीक झाला. लांब गेला नाही. खोल गेला.

"महिपत?"

"हां, भाऊ."

उत्तर वरून आलं नाही. पत्र्याच्या आतून, माझ्या कानाच्या उंचीवरून आलं.

"काय करून राह्यला?"

"बसलो आहो." मग हळूच, "भाऊ, अठी लई जण बसले आहेत."

मी शिडी चढलो.

चुना अखंड होता.

तो बसला होता, त्या जागेवरसुद्धा.

भर उन्हात डबा रिकामा केला. कोळसाच निघाला. गमछाही नाही. साहेबांनी कागदावर 'फरार' लिहिलं. त्याच्या बायकोला, कुसुमबाईला मिळायची पेन्शन तिथंच बुडाली.

महिन्याभरानं तिनं मला घरी बोलावलं. उंबऱ्याबाहेर टोपलंभर कोळसा होता, वर चुन्याची ओली साय, कुठंही मोडलेली नाही. "भाऊजी, रोज सकाळी असाच असते. आता मले बी चोर म्हणतीन."

कायद्यानं मी खबर द्यायला हवी होती. दिली नाही. रोज सकाळी पोत्यात भरून सायडिंगवर टाकून येतो. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यापाशी तेवढाच असतो.

"एकदाच जाळला मी," ती परवा म्हणाली. "सरपण नव्हतं घरी. तवा ठेवला, अन् आतून यांचा खोकला आला. 'कुसुम, पाणी दे,' म्हणे."

आता ती लाकडंच जाळते.

तर माझं एवढंच मागणं आहे, माउली. घरी गेल्यावर देवापाशी दिवा लावाल, तेव्हा महिपतचं नाव घ्या. तो चोर नव्हता. आणि त्याच्याजवळ आणखी जे कोण बसले आहेत, त्यांची नावं मला ठाऊक नाहीत.