सबख्यावरचा वाटाड्या

आखातातल्या या बेटावर सखीरचा माळ ओलांडून पश्चिमेच्या समुद्राकडे गेलं की सबखा लागतो. वरून बघाल तर पांढरी, सपाट, कडक जमीन. गाडी घालावीशी वाटेल अशी. पण ती नुसती मिठाची खपली. खपलीखाली काळा चिखल, तो किती खोल हे कुणी सांगत नाही. इलियास अरबाबांना, म्हणजे कंपनीच्या मालकांना, मात्र थंडी पडली की त्याच सबख्यापलीकडे गळ टाकायची लहर यायची, आणि तीही ऐटीत. चाकांवरची लाकडी खोली होती त्यांची. आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदे. ती पाण्याच्या काठापर्यंत ओढत न्यायची.

ओढण्याचे नियम ठरलेले. चाकांतली हवा कमी करायची. खोली गाडीला लांब दोराने जोडायची, म्हणजे दोघांचा भार एका ठिकाणी पडत नाही. खोलीत कुणी बसायचं नाही. ड्रायव्हरने आपलं दार उघडं ठेवायचं, वेळ आली तर उडी मारायला. एकाने पहारीने जमीन ठोकत पुढे चालायचं. आणि काही झालं तरी मध्येच थांबायचं नाही.

दत्ताराम हे काम दर हिवाळ्यात करायचा, पहारवाला न घेता, एकटा. आणि हेच रावजीच्या डोळ्यांत खुपायचं. दोघेही कुडाळकडचे, दोघेही अरबाबांचे ड्रायव्हर. पण कंपनीकडे ड्रायव्हरसाठी फॅमिली क्वार्टर एकच, जिदहफ्सला. जो खोली नेतो तो अरबाबांचा लाडका, आणि लाडक्यालाच ते क्वार्टर, त्यालाच बायकोचा व्हिसा. दत्तारामची सत्यवती इथे गरम भाकऱ्या भाजत होती. रावजीची शेवंती लग्नापासून गावी सासूजवळ. रावजी एकट्या कामगारांच्या कॅम्पातल्या खाटेवर पडून त्या भाकऱ्यांचा विचार करायचा आणि त्याच्या जिवाचा जळून कोळसा व्हायचा.

एका शुक्रवारी दत्तारामने त्याला जेवायला बोलावलं. सुरमईचं सार होतं. सत्यवतीने ताटं मांडली, ती तीन. स्वतःचं नाही, ती मागाहून बसणार होती.

"वयनी, आणि कोण येवचो असा?"

सत्यवती नुसती हसली. तिसऱ्या ताटात तिने सगळ्यात मोठा तुकडा वाढला आणि रिकाम्या पाटाकडे बघत म्हणाली, "जेवा सावकाश." दत्ताराम मान खाली घालून भात कालवत राहिला. रावजीला राग आला तो त्या तुकड्याचा.

परत सोडायला आला तेव्हा दत्ताराम गाडीत हळूच बोलला. "मी जमीन बघनय नाय रे. एक माणूस पुढे चालता. मी तेच्या मागसून गाडी घालतंय."

"खयचो माणूस?"

"कधी तोंड बघूक नाय."

दुसऱ्याच दिवशी रावजीने ते अरबाबांच्या कानावर घातलं, वर चार गोष्टी पदरच्या जोडून. वेड्याच्या हाती गाडी, या विचाराने अरबाब घाबरले. "दत्ताराम का दिमाग मफी? खलास. इस साल तुम खेंचो."

दत्ताराम रागावेल असं रावजीला वाटलं होतं. उलट त्याचा चेहरा डोक्यावरचं ओझं खाली ठेवल्यासारखा झाला. "माझा ऐक. पहारवालो घेवन जा. तो दिसलो तरी तेच्या मागसून जाव नको. तेका बोलवू तर नकोच."

एवढा मोठा ठेवा, आणि हा म्हणतो हात लावू नको! एकट्यालाच हवाय याला, असं रावजीच्या मनाने घेतलं. पहार त्याने मुद्दाम गॅरेजमध्ये ठेवली.

दुपारचं ऊन मिठावर चमकत होतं. अरबाब खोली जाणार नाही अशा अरुंद पायवाटेने जाऊन पलीकडे काठावर उभे होते. रावजीने दार उघडं ठेवून गाडी घातली. निम्मं अंतर बरं गेलं. मग चाकाखाली खपली करकरली.

काळं पाणी वर आलं. आरशात खोली एका अंगाला कलली. दोर ताणला गेला आणि गाडीचा वेग पडू लागला.

पुढे कुणी नव्हतं. सगळीकडे नुसतं पांढरं.

रावजीला भीती वाटायला हवी होती. त्याला वाटला तो मत्सर. "दत्तारामाक दिसतंस नि माका नाय? ये मां पुढे!" तो ओरडला. "तेच्यात काय असा, जा माझ्यात नाय?"

काच पुसताच दिसावा तसा तो समोर होता. पाठमोरा. पांढरा सदरा, दुमडलेली विजार, अनवाणी.

तो डावीकडे वळला. रावजी वळला. चाकं उचलली गेली, खोली सरळ झाली.

"आता माझ्याकडेच रव," रावजी म्हणाला.

पाठमोऱ्या माणसाने मान डोलावली.

काठावर अरबाब टाळ्या पिटत होते. "अकेला आया! आगे कोई नहीं, फिर भी आया!"

क्वार्टर रावजीला मिळालं. दत्तारामने नोकरी सोडली, बायकोला घेऊन गावी निघाला. निरोपाच्या वेळी सत्यवती घळाघळा रडली. नवऱ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती रावजीच्या खांद्यावरून मागे बघत होती.

पावसाळा गावी सरला तशी शेवंती आली. पहिलंच विमान, परका मुलूख, वाचता न येणारी बाई. मुहर्रकच्या विमानतळावर रावजी बाहेर कठड्याला धरून उभा, जीव टांगणीला लागलेला. पण शेवंती सरळ चालत आली, हसत, सगळ्यांच्या आधी.

"वाट चुकलंस नाय?"

"चुकतलंय कशी? तुमी धाडलेलो माणूस होतो मां. विमानाच्या शिडीकडेच हुबो."

"मी कोणाक धाडूक नाय."

ती ऐकतच नव्हती. गालांवर लाली होती. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा रावजीने ती पाहिली नव्हती.

बॅग घेऊन तो पुढे निघाला. ती त्याच्या मागे आली नाही. चार हात बाजूने आली, कुणाच्या तरी पावलावर पाऊल टाकत. मध्येच थांबत, परत निघत.

रावजीने तिच्यासाठी गाडीचं पुढचं दार उघडलं. शेवंती मागच्या सीटवर बसली. मग पलीकडे सरकली, आणि कुणाच्या अंगाखाली येऊ नये म्हणून साडीचा घोळ आवरून घेतला.