या जेवायला

डिसेंबरात ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलं, तेव्हा गाडी, रस्ता आणि तिकिटं श्रीनिवासने आपल्याकडे घेतली आणि जेवणखाण मालिनीकडे आलं. आलं म्हणजे काय, नेहमी येतं तसं आलं. तिकडच्या उजाड मुलखात दिवसभर गाडी हाकली तरी खाण्याची टपरी दिसत नाही, हे त्यानेच सांगितलं, आणि वर म्हणाला, "त्यात काय एवढं? बीन्सचे डबे घेऊ. उघडायचे नि खायचे."

मालिनीच्या डोक्यात तिडीक गेली. सात वर्षांची लेक अवनी आणि रोज थंडगार बीन्स! आल्मेरे या डच गावातल्या त्या छोट्या स्वयंपाकघरात तिने पंधरवडाभर रवा भाजला, त्यावर फोडणी ओतली, पोह्यांचं सुकं मिश्रण केलं, मेतकूट दळलं. उकळतं पाणी ओतून झाकण ठेवलं की जेवण तयार. विमानतळावर काय नेऊ देतात आणि काय काढून घेतात, तेही तिनेच वाचलं. श्रीनिवास मात्र मित्रांना सांगत सुटला, की आमची मालिनी अख्खा संसार घेऊन निघालीय.

"मग एक रंगीत तालीमच करू," ती एका शनिवारी म्हणाली. "एक गॅस, एक पातेलं, आणि गाडीतच जेवायचं. बघू कोणाचे डबे चालतात."

म्हणून एका मित्राची, शिरीषची, आत बाक नि गॅस असलेली कॅम्पर गाडी मागून आणली आणि दुपारी तिघं गावाबाहेर पडले. आल्मेरेपलीकडची ती सगळी सपाट जमीन एके काळी समुद्राचा तळ होती. पाणी उपसून काढलं आणि खाली शेतं निघाली. शेतांबरोबर बुडालेली गलबतंही निघाली. जिथे एखादं सापडलं, तिथे निळा खांब रोवलेला असतो, टोकाला छोटंसं जहाज. अशाच एका खांबाजवळ श्रीनिवासने गाडी उभी केली, कारण तिथे जागा कोरडी होती. बाकी सगळीकडे धुकं. रस्ता दिसेना, शेताची कड दिसेना. खाऱ्या चिखलाचा वास तेवढा येत होता, आणि समुद्र तर बांधापलीकडेही राहिलेला नाही, तिथे आता गोड्या पाण्याचं तळं आहे.

उपमा छान फुलला. मालिनीने चाखून पाहिला. मीठ अगदी बेताचं. श्रीनिवास बशी घेऊन दारात उभा राहिला, पहिला घास तोंडात टाकला आणि बाहेर बघून हसत म्हणाला, "या जेवायला!"

"कोणाला म्हणतोस?"

"खांबापाशी कोणीतरी उभं आहे. शेतकरी असेल."

"डच शेतकऱ्याला मराठीत आमंत्रण?"

"अगं, तोंडातून निघालं. खाताना कोणी बघत असलं की आपण म्हणतोच ना? येतंय कोण!"

हेही खरंच होतं. या देशात जेवायची वेळ झाली की शेजारच्या खेळायला आलेल्या पोरालाही घरी पाठवतात. इथे कोण येणार? मालिनीने बाहेर डोकावलं. खांब होता. माणूस नव्हता.

तेवढ्यात दाराची पायरी करकरली आणि गाडी त्या बाजूला कलली. एखादा जड माणूस चढावा, तशी.

श्रीनिवास दारातून मागे सरला. का सरला, ते त्यालाही सांगता आलं नाही. चिखलाचा वास एकदम आत आला. बाकावर बसलेली अवनी मुकाट्याने खिडकीकडे सरकली आणि शेजारी जागा केली.

"हाय हेफ्ट होंगर," ती म्हणाली. त्याला भूक लागलीय.

"मराठीत बोल, अवनी," मालिनी सवयीने खेकसली. पोरीला सगळं कळायचं, पण या देशात आल्यापासून चार वर्षांत तिच्या तोंडून मराठीचं एक धड वाक्य निघालं नव्हतं. हा मालिनीचा दुसरा संताप, आणि तो रोजचा.

"मीठ विसरलीस," श्रीनिवास म्हणाला.

"काय?"

"अळणी आहे. खाऊन बघ."

आपला घास खाल्ला तर खरंच अळणी. आत्ताच तर चाखला होता! आणि पातेल्यातला उपमा अर्ध्यावर आला होता. तिने मेतकूट जिभेवर ठेवलं. अळणी. मग लोणच्याची बरणी उघडली. लिंबाची फोड होती, तिखट होतं, तेल होतं. मीठ नव्हतं. मिठात मुरलेल्या लोणच्यात मीठ नव्हतं.

"निघू या..." श्रीनिवास कुजबुजला. "मी गाडी चालू करतो."

"आणि त्याला घरी न्यायचं?" मालिनी दातओठ खात पुटपुटली. "भरल्या ताटावरून कोणाला उठवता येत नाही. तू बोलावलंस, तो बसला. आता जेवूनच उठेल."

तिला भीती वाटत होती, पण त्याहून मोठा होता तो संताप. राबायचं हिने, नावं ठेवायची त्याने, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला हा कोण कुठला! तोही नेमका तिच्या लेकीच्या मांडीला मांडी लावून. तिने जास्तीची बशी काढली, रिकाम्या जागेसमोर आपटली आणि वाढू लागली. उपमा, पोहे, चटणी, जे जे केलं होतं ते सगळं पाणी ओतून ओतून वाढलं. बशीतला ढीग हलत नव्हता, फक्त खचत होता. अवनीच्या फ्रॉकची एक बाजू ओली होत चालली होती.

"पोटभर जेवा," मालिनी म्हणाली. "खाल्ल्या मिठाला जागा. माझ्या मुलीला हात लावायचा नाही."

शेवटी बशीतला ढीग तसाच राहिला. खचेना. मालिनीने दाराबाहेर हात धुवायला पाणी ओतलं, बाकावर चिमूटभर बडीशेप ठेवली. आपल्यात बडीशेप पुढे आली की पंगत उठते, हे कोणालाही सांगावं लागत नाही.

"झालं जेवण. आता निघा."

बडीशेप दिसेनाशी झाली. पायरी करकरली आणि गाडी हलकेच वर उठून सरळ झाली. वास ओसरला. मालिनीने अवनीला जवळ ओढलं.

अवनी दाराकडे बघत होती. शांतपणे, स्वच्छ मराठीत, अगदी घरंदाज पाहुण्यासारखी ती म्हणाली, "येतो."

येते नाही. येतो.

निघताना आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणत नाही, आणि 'येतो' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, तेही लहानपणापासून जिभेवर बसलेलं असतं. मालिनीने नवऱ्याच्या तोंडावर हात दाबायला झेप घेतली. पण तोवर श्रीनिवास सुटकेने हसून म्हणूनही गेला होता, "बरं, या."

पायरी पुन्हा करकरली.