आता बंद करायला हरकत नाही

"ही मशीन कुनीतरी रोज बोर्डावरनं बंद करतंय."

ज्योत्स्नाने दचकून वर पाहिलं. दारात एक तरुण उभा होता. शर्ट भुरभुरीने ओलसर झालेला, केसांवर थेंब. मागे रस्त्यावर त्याची मोटरसायकल आणि तिच्या सीटवर मेणकापडात गुंडाळून दोरीने आवळलेलं मोठं खोकं. श्रावणातल्या सरीतून आडोशाला म्हणून तो पायरी चढला असणार. पण त्याची नजर थेट कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेली होती, आणि तिथे निळा पडदा होता.

"लाइट गेली होती," ती म्हणाली.

"आन् हा यूपीएस काय शोभेला हाय?"

ती माऊसखालचा रुमाल सरळ करू लागली.

"माऊसखाली सुदिक इस्त्रीचा रुमाल... आन् मशिनीचा मातर गळा दाबता व्हय, राव?" तो हसला.

"पाऊस थांबलाय," ज्योत्स्ना म्हणाली.

थांबला नव्हता. त्याने बाहेर पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणून पायरी उतरला. जाता जाता मात्र वळला. "डिस्क टिकटिक करती तुमची. ऐकू येतंय ना? लई दिवस नाय ऱ्हायले तिचे."

ऐकू येत होतं. रोज सकाळी ऐकू येत होतं. विंडोज ९८ नीट बंद न करता वीज तोडली, की दुसऱ्या दिवशी ते आधी निळ्या पडद्यावर स्वतःला चाचपून बघे, कुठे काही दुखावलं नाही ना म्हणून. तोवर ज्योत्स्ना खुर्चीच्या कडेवर बसून राही. आज उठेल का? आज उठेल का?

जुन्नरच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीतला हा क्लास तिच्या वडिलांचा, भागुजी सरांचा; घरात ते आबा. आधी टायपिंगची मशीनं होती, मग कॉम्प्युटर आले. कोपऱ्यातला मोठा कॉम्प्युटर बंद करताना पडद्यावर, आता वीज बंद करा अशा अर्थाची, इंग्रजीत केशरी अक्षरं उमटत. मुलांना ती वाचता येत नसत, मुलं तशीच पळून जात. म्हणून सरांनी माइक आणला, ज्योत्स्नाला शेजारी बसवलं आणि स्वतःचा आवाज भरला. तेव्हापासून 'शट डाउन' केलं की कॉम्प्युटर सरांच्या आवाजात बोले — 'आता बंद करायला हरकत नाही. पंखा, दिवा घालवा. चपला आपल्याच घाला. नीट घरी जा.'

चैत्रात सर गेले. दवाखान्याच्या वाटेवरच गेले. पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर तिने क्लास उघडला, संध्याकाळी सवयीने कॉम्प्युटर बंद केला, आणि मागून आबा म्हणाले, 'नीट घरी जा.'

ती तिथेच फरशीवर बसली.

त्यानंतर तिने 'शट डाउन' कधी केलं नाही. सगळे गेले की हात लांब करून यूपीएसवर चालणाऱ्या भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद. आवाज ऐकवत नव्हता. आणि तो कायमचा गेला तर... तो विचारही करवत नव्हता. असं बंद केल्यानेच डिस्क मरते आहे, हे तिला कळत होतं. दुसऱ्यांना नीट बंद करायला तीच शिकवत होती. तरी संध्याकाळ झाली की हात बोर्डाकडेच जाई.

पुढच्याच आठवड्यात परीक्षेवाल्यांचा निरोप आला. परीक्षेचं नवं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालेल. तिने मंचरच्या एका दुकानात फोन करून नवा कॉम्प्युटर मागवला. खोकं घेऊन आला तो तोच.

"ऋषी," त्याने नाव सांगितलं. "लोणीचा. आज पाऊस थांबलाय का, मॅडम?"

खोकं ठेवताना त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. बुद्धांची तसबीर, शेजारी बाबासाहेबांची, आणि खाली हार घातलेले भागुजी सर. आतल्या खोलीतून ज्योत्स्नाची आई द्रौपदा बाहेर आली, तसा तो हात जोडून म्हणाला, "जयभीम."

द्रौपदाने "जयभीम" म्हटलं, पण पदर सावरत ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"चुकलं का काय?" तो हळूच ज्योत्स्नाला म्हणाला.

"नाही. तुमच्या लोकांकडून ऐकायची सवय नाही आम्हाला."

नवा पडदा उजळला आणि क्लासमध्ये दोन तट पडले. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले सोपान गुरुजी शाळेच्या स्मरणिकेचं टाइपिंग करायला येत. ते चष्मा वर करून म्हणाले, "स्टार्टचं बटण हिरवं का वो? शेवाळ धरल्यावानी दिसतंय."

"गुरुजी, किती भारी आहे!" कॉलेजातली स्नेहल ओरडली. "ती टेकडी तर बघा!"

"टेकडी म्हणं! एक गाय नाय, एक झाड नाय. लेण्याद्रीचा डोंगर लावा की. आन् माय कॉम्प्युटर कुठंय? इतकी वरसं वरच्या कोपऱ्यात व्हता."

"आत गेलाय, स्टार्टमधी," ऋषी म्हणाला.

"म्हंजी घरधन्यालाच कोंडला!"

ज्योत्स्ना गुरुजींच्या बाजूने होती. "जिथली वस्तू तिथे असावी. बघायला लागू नये, हात आपोआप गेला पाहिजे."

"हात सवयीनं कुठं बी जातोय, मॅडम," ऋषी म्हणाला, आणि त्याची नजर क्षणभर भिंतीवरच्या बोर्डाकडे गेली. तिच्या कानशिलांत गरम झालं. त्याने माऊस जवळ ओढला. दोन-तीन ठिकाणी टिचकी मारली, आणि हिरवं निळं सगळं जाऊन पडदा जुन्यासारखा राखाडी झाला. "घ्या. क्लासिक. कापडं जुनी, मानूस नवा."

"शी! म्हातारा केला त्याला," स्नेहल म्हणाली.

"आणि हे कुत्रं काढा," ज्योत्स्नाने बोट दाखवलं. काही शोधायला गेलं की कोपऱ्यात एक पिवळं कुत्रं येऊन शेपूट हलवत बसे. "कामाच्या ठिकाणी हे काय?"

"शोधाय कुत्रंच लागतं," गुरुजी म्हणाले. एवढ्या एका मुद्द्यावर ते एक्सपीला मिळाले. कुत्रं राहिलं.

शेवटी नाव नोंदवायची वेळ आली. एक्सपी सुरू होतानाच विचारी, तुम्ही कोण? प्रत्येकाचं नाव, नावापुढे चित्र.

"तुमाला कुठलं चित्र देऊ? फुलपाखरू?"

"बुद्धिबळ."

"अरे बाप रे..." त्याने मुकाट्याने बुद्धिबळ दिलं. "मग माझं काय? मला दुरुस्तीला यावं लागंल. पावण्याचं खातं चालू ठिवतो. हे बघा, गेस्ट."

"पावणं!" गुरुजी खो खो हसले. "कुठल्या गावचं पावणं, कुनाच्या घरी?"

हसली नाही ती एकटी ज्योत्स्ना. बोटांना घाम आला होता, तो तिने ओढणीला पुसला.

मग पावणं येतच राहिले. कधी सीडी विसरली म्हणून, कधी माऊस बदलायचाय म्हणून. बेल्ह्याच्या बाजाराला आलो होतो म्हणून वाट वाकडी केली, असंही एकदा सांगून झालं. ९८ बरं की एक्सपी, हा वाद दर खेपेला नव्याने निघे. ती भांडे, तो मुद्दाम हरे. आणि तो गेल्यावर गल्लीतलं कोण खिडकीतून बघत होतं, ते ती आठवत बसे.

"लई येतंय ते पोरगं," एका सकाळी भाकरी थापताना द्रौपदा म्हणाली. "कुनाचं म्हनायचं?"

"लोणीचं. शेतकऱ्याचं."

"शेत असनाऱ्यांचं." तव्यावरची भाकरी उलटली. "जयभीम म्हनला खरा नीट. आपल्या घरात म्हनला. त्याच्या घरात म्हनंल का?" तिने चुलीतला जाळ मागे ओढला. मग ती हळू म्हणाली, "आदी आमी दोगं मिळून भ्यायचो गं. आता येकटीलाच भ्यावं लागतंय."

ज्योत्स्नाला सांगावंसं वाटलं, एकटी नाहीस. पण तिने नुसतीच भाकरी फडक्यात गुंडाळली.

जुना कॉम्प्युटर बदल्यात द्यायचा ठरला होता. त्या दुपारी ऋषीने त्याची डिस्क काढून नव्याला जोडली. आभाळ भरून आल्याने खोलीत अंधारलं होतं. क्लासमध्ये दोघंच. पडद्यावर कागद या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये उडत होते. टिक्... टिक् टिक्... प्रत्येक टिकटिकीला ती खुर्ची थोडी पुढे सरकवत होती.

मधेच वीज गेली. यूपीएस कण्हायला लागला.

"आलं सगळं," तो म्हणाला. "तुमी सांगितलेले सगळे फोल्डर आले. आता ही पुसून टाकतो. तुमची कागदं परक्याच्या हाती नकोत."

त्याचं बोट बटणाकडे गेलं.

"नको!"

तिने त्याचं मनगट धरलं होतं. तिचं तिलाच कळलं नाही. दोघंही त्या हाताकडे पाहत राहिले.

"काय ऱ्हायलं?" त्याने अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"आवाज," ती म्हणाली. "आबांचा. बंद करताना यायचा... मी ऐकू शकत नाही, म्हणून बोर्डावरून बंद करते. रोज मीच. त्या दिवशी लाइट गेली नव्हती."

तो "मला ठाऊक व्हतं" असं म्हणाला नाही. "नाव काय दिलं व्हतं फायलीला?" एवढंच विचारलं.

"आबा."

त्याने तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली. पिवळं कुत्रं आलं, खाली बसलं, शेपूट हलवू लागलं. यूपीएस आता भराभर ओरडत होता. डिस्क टिकटिकली, थांबली, परत टिकटिकली. ज्योत्स्नाने जन्मात कधी कुत्र्याला हात जोडले नव्हते...

एक ओळ उमटली. आबा.

त्याने ती उचलून इकडे टाकली. कागद उडाला, मधेच अडकला, पुन्हा उडाला. आणि यूपीएसने दम सोडला. सगळं काळं.

"आली का?" तिने विचारलं.

"ठाऊक नाय." खोटा धीर त्याला देता आला असता, तो त्याने दिला नाही. "लाइट आल्यावर कळंल."

दोघं पायरीवर येऊन बसले. पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं. 

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"फायलीची?"

"सगळ्याचीच. आईची, गल्लीची... तुम्ही यायचे बंद झालात तर, त्याचीही."

तो पाण्याकडे बघत राहिला. "मला बी वाटती. घरी सांगितलंय मी. या क्लासचं, तुमचं, समदं. आई बोलंना झालीय. भांडी तेवढी आपटती. आमच्या घरात सध्या निळा पडदा हाय."

"आणि नाही उठलं घर, तर?"

"परत चालू करायचं. मातर वायर उपटून पळायचं नाय."

ती त्याच्याकडे बघत असतानाच आत पंखा फिरला.

एक्सपी उठलं. फाइल होती, पण असणं वेगळं आणि वाजणं वेगळं. ज्योत्स्नाने टेबलाची कड घट्ट धरली. ऋषीने हेडफोन उचलला. "मी आदी ऐकू?"

तिने होकारार्थी मान हलवली, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आधी तो एकाग्र झाला, मग मऊ, आणि मग एकदम त्याच्या भुवया वर गेल्या.

"समदं हाय," तो म्हणाला. "भ्यायासारखं काय नाय. पर शेवटी कोन हसतंय?"

ती विसरलीच होती. चपलांचं वाक्य ऐकून तिला हसू फुटलं होतं, ते तिने 'नीट घरी जा' होईपर्यंत कसंबसं दाबून धरलं होतं. 'काप ते,' आबा म्हणाले होते, आणि तिला कापता आलं नव्हतं. शेवटपर्यंत थांबून ऐकायचंच कोण? मुलं तोवर पायरी उतरलेली असत.

"मी," ती म्हणाली.

"तुमी?" त्याने हेडफोन काढला. "एवढे दिस येतोय मी... मला वाटलं, तुमाला हसायचा ड्रायव्हरच टाकल्याला नाय."

त्याने तो आवाज नव्या कॉम्प्युटरच्या बंद होण्याला जोडून दिला. संध्याकाळ होत आली होती. ज्योत्स्ना खुर्चीत बसली. तिने पावण्याचं खातं बंद केलं. त्याचा चेहरा उतरला. तिने तिकडे न बघता नवं नाव टाइप केलं. ऋषी. चित्र निवडलं, फुलपाखरू.

"पावण्याचं खातं सुरक्षित नसतं," ती पडद्याकडे बघतच म्हणाली.

मग तिचा हात सवयीने बोर्डाकडे निघाला. अर्ध्यात थांबला. परत आला, आणि माऊसवर बसला.

'आता बंद करायला हरकत नाही,' आबा म्हणाले. 'पंखा, दिवा घालवा...'

ती डोळे मिटून बसली. या वेळी पायाखालची फरशी जागेवर होती. आतल्या दारात पावलं वाजली, द्रौपदा धावत आली होती आणि चौकट धरून उभी होती. आवाज संपला, मागून खुदकन हसू आलं, पडदा विझला. द्रौपदाने पदराने डोळे पुसले. मग तिची नजर ऋषीकडे गेली.

"तुज्या घरात म्हनशील का रं जयभीम?"

"म्हनलोय, काकू. कालच. जेवान नाय मिळालं, पर म्हनलोय."

द्रौपदा त्याला निरखत राहिली. भीती तिच्या डोळ्यांतून गेली नव्हती, पण आता ती दोघांसाठीही होती. "च्या पिऊन जा," ती शेवटी म्हणाली.

चहा कसाबसा घशाखाली ढकलून ऋषी गडबडीने पायरी उतरला, चार पावलं गेला आणि अडखळला. एका पायात त्याची स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात ज्योत्स्नाची.

"आपल्याच घाला म्हनून सरांनी आत्ताच सांगितलं ना?" द्रौपदा दारातून ओरडली.

आणि ज्योत्स्नाला हसू फुटलं. तेच, फाइलीतलं, दाबता न येणारं. ऋषी भुरभुरीत तसाच उभा राहिला, एका पायात तिची चप्पल घेऊन, शेवटपर्यंत ऐकत.